रुपी बँकेच्या ठेवीदारांची साडेनऊ वर्षं

बँकेबद्दलची तक्रार म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? 'सर्व्हर डाउन आहे', 'जेवणानंतर या', 'केवायसी पुन्हा द्या'. विमा कंपनीची असेल तर फोनवर वाजत राहणारं संगीत. या त्रासाबद्दल आपण घरी रोज बोलतोच. आज आपण पुण्यातलं एक असं प्रकरण बघणार आहोत, जिथे काउंटरवरचा माणूस कितीही चांगला वागला असता तरी ग्राहकाचं काम होणार नव्हतं. आणि या प्रकरणात बँक आणि विमा, दोन्ही एकाच वेळी आहेत.

रुपी को-ऑपरेटिव्ह बँक १९१२ सालची. पुण्यातल्या मध्यमवर्गाने, पेन्शनरांनी, छोट्या दुकानदारांनी तिथे पैसे ठेवले. 'आपली' बँक, ओळखीची माणसं, शिवाय व्याज थोडं जास्त. कर्जं थकत गेली, तोटा वाढला, आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. म्हणजे पासबुकावर आकडा दिसतोय, पण तो काढता येत नाही. आजारपणासारख्या अडचणीत अर्ज करायचा, कागद जोडायचे, मंजुरीची वाट बघायची. स्वतःच्याच पैशासाठी अर्ज! निर्बंधांची मुदत संपत आली की पुन्हा वाढायची, कधी तीन महिन्यांनी, कधी सहा.

आता कोणीही विचारेल, ठेवींचा विमा असतो ना? असतो. त्याचा इतिहास थोडा मागे जाऊन बघू. १९६० मध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक बुडाली आणि देश हादरला. १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ सुरू झालं. संरक्षण किती? माणशी १,५०० रुपये. १९६८ च्या कायदादुरुस्तीने सहकारी बँकांसाठी दार उघडलं. मर्यादा वाढत वाढत १९९३ मध्ये एक लाखावर आली, आणि तिथे जी अडकली ती २०२० पर्यंत. सत्तावीस वर्षं! १९९३ मध्ये लाख रुपये ही रक्कम काय होती आणि २०१९ मध्ये काय राहिली, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको.

पण खरी मेख वेगळी होती. या विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदार नाही. एप्रिल २०२० पासून शंभर रुपयांमागे वर्षाला १२ पैसे असा दर झाला. विमा आपल्या पैशाचा, पण आपल्या हातात ना पॉलिसी, ना दाव्याचा फॉर्म. आणि जुन्या कायद्यानुसार भरपाई कधी मिळायची? बँकेचा परवाना जाऊन ती अवसायनात निघाली, किंवा दुसऱ्या बँकेत विलीन झाली, तरच. रुपी बँक यांपैकी कशातच बसत नव्हती. विलीनीकरणाची बोलणी होत राहिली, राज्य सहकारी बँकेचं नाव आलं, नंतर सारस्वत बँकेचं. बँक बंद नाही, म्हणून विमा नाही; बँक धड चालू नाही, म्हणून पैसे नाहीत. म्हातारा माणूस चौकशीला आला तर कारकुनाने सांगायचं तरी काय?

यातून सुटका झाली ती पुण्यामुळे नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या पीएमसी बँकेवर निर्बंध आले. सुरुवातीला सहा महिन्यांत हजार रुपये काढायची परवानगी होती. लोक रस्त्यावर आले, कॅमेरे आले. फेब्रुवारी २०२० मध्ये मर्यादा पाच लाख झाली. पुढे २०२१ ची दुरुस्ती आली, निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यायची. पुणेकर सात वर्षं रांगेत होते, हे आम्हाला आजही खटकतं. आवाज कुठून येतो, यावर आपल्याकडे बरंच ठरतं.

मात्र एक विचित्र गोष्ट लक्षात घ्या. बँक २०१३ मध्येच बंद झाली असती तर माणशी जास्तीत जास्त एक लाख मिळाले असते. रखडल्यामुळे पाच लाख मिळाले. तीन-चार लाख अडकलेल्यांना या दिरंगाईचा फायदाच झाला. अर्थात, जे तोवर जगले त्यांना. बाकीच्यांच्या मुलांनी वारसाचे कागद गोळा केले.

मे २०२२ पर्यंत विम्याचे सुमारे ७०० कोटी रुपये दिले गेले होते. ऑगस्टमध्ये परवाना रद्द झाला, २२ सप्टेंबरपासून व्यवहार थांबले. ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकते, असं रिझर्व्ह बँकेने तेव्हा सांगितलं. उरलेला टक्का छोटा दिसतो. पण त्यात घर विकून आलेली रक्कम किंवा निवृत्तीचे सगळे पैसे एकाच बँकेत ठेवणारी माणसं येतात. पाच लाखांवरच्या रकमेसाठी त्यांच्यापुढे आता नवी खिडकी होती, अवसायकाची.