मोटेची धाव आणि संगणकाचा पडदा

१९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिणेकडील भागास प्रथम दक्षिण सातारा म्हणत. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. कागदोपत्री जिल्हे दोन झाले, तरी कृष्णाकाठचा हा मुलूख पुष्कळ बाबतींत एकच राहिला. साताऱ्याच्या गादीचा इतिहास लिहिला गेला आहे, आणि सांगलीच्या रंगभूमीचाही. पण येथील माणसांनी भार, ओढ, घर्षण आणि गती यांची ओळख कशी करून घेतली, याचाही एक इतिहास आहे. आणि तो बहुतांशी शाळेच्या भिंतींबाहेर घडला आहे. आज मुलांपुढे पदार्थविज्ञानाचा खेळच मांडून ठेवणारी संगणकीय साधने आली आहेत. त्यांचा आदर किती करावा आणि त्यांपासून अपेक्षा कोणती ठेवावी, हे ठरविण्यापूर्वी हा इतिहास डोळ्यांपुढे आणणे इष्ट होय, असे आम्हांस वाटते.

प्रारंभ मोटेपासून करू. विजेचे पंप येण्यापूर्वी या खोऱ्यातील बागायत मोटेवर चाले. विहिरीच्या काठावर चाक, त्यावरून गेलेला जाड नाडा, खालून येणारे बारीक सोंदूर, आणि बैलांनी ज्या उतारावरून ओढत जावयाचे ती धाव, अशी ही मांडणी असे. धाव सपाट का नसते, या प्रश्नात यंत्रशास्त्राचा एक उत्तम धडा आहे. बैलजोडीचे वजन ८०० किलो आणि धावेचा उतार दहास एक धरला, तर त्या उतारामुळे सुमारे ८० किलो भाराइतकी जास्तीची ओढ आपोआप मिळते. परत येताना बैलांना तोच चढ चढावा लागतो हे खरे. परंतु त्या वेळी मोट रिकामी असते. म्हणजे उतरताना मिळालेले काही फुकटचे नव्हे. ते मोट रिकामी असताना, सवडीने फेडावयाचे ऋण आहे. ज्याने ही धाव प्रथम खणली, त्यास कार्य आणि ऊर्जा हे शब्द ठाऊक नव्हते. हिशेब मात्र ठाऊक होता.

या हातच्या ज्ञानास कारखान्याचे रूप दिले ते लक्ष्मणराव किर्लोस्करांनी. १८६९ साली जन्मलेले लक्ष्मणराव चित्रकला शिकण्यास मुंबईस गेले. पण रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडली, म्हणून ते यांत्रिक रेखाकलेकडे वळले आणि तोच विषय व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. पुढे नोकरी सोडून बेळगावास त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे व लोखंडी नांगर करावयास घेतले. १९१० साली औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी दिलेल्या, निवडुंगाने भरलेल्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. ती आज सांगली जिल्ह्यात आहे. लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्या काळी शेतकऱ्यांची समजूत होती. ती वादाने गेली नाही; शेजाऱ्याच्या शेतात नांगर चालताना पाहून गेली. शाळा अर्ध्यावर सोडलेले अनंतराव फळणीकर या वाडीत कल्पक यंत्रज्ञ म्हणून नावाजले, ही गोष्ट आमच्या विषयाच्या दृष्टीने बोलकी आहे. शाळेस जो विद्यार्थी नको झाला, तो ओतशाळेस आणि लेथला हवासा वाटला.

याच किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करीत गावोगाव हिंडलेले एक गृहस्थ म्हणजे भाऊराव पाटील. खेड्यातील मूल शाळेपासून किती दूर आहे, हे त्यांनी या भ्रमंतीत जवळून पाहिले असले पाहिजे. १९१९ साली कऱ्हाडजवळील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलविले. 'कमवा आणि शिका' हे तिचे सूत्र केवळ फी भागविण्याची युक्ती नव्हे. शेतात व बांधकामावर खपणारा विद्यार्थी जेव्हा पहारीने धोंडा उलथतो, तेव्हा तरफेचा नियम त्याच्या खांद्यास आधी कळतो आणि डोक्यास मागाहून. शब्द मागाहून आला, तरी तो अनुभवावर येऊन बसतो, आणि म्हणून टिकतो.

त्याच १९१९ साली सांगलीस डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय निघाले, आणि १९४७ साली पुढे वालचंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आलेले अभियांत्रिकी विद्यालय. या संस्थांनी या भागाचे केलेले हित मोठे आहे. परंतु एकंदर महाराष्ट्रातील विद्यालयांत पदार्थविज्ञानाचे जे वळण पडले, त्यात हात आणि पुस्तक यांची हळूहळू फारकत झाली, हेही नाकारता येत नाही. प्रयोगशाळेत प्रयोग ठरलेला, पद्धती ठरलेली, आणि येणारा आकडाही ठरलेला. विद्यार्थी लंबक हलविण्यापूर्वीच ९.८ हा आकडा जाणतो आणि आपली निरीक्षणे त्यास जुळती करून वहीत उतरवितो. येथे निसर्गास प्रश्न विचारला जात नाही. उत्तराची नक्कल होते. 'असे केले तर काय होईल?' हे वाक्य ज्या प्रयोगशाळेत उच्चारले जात नाही, तिच्यात उपकरणे कितीही असली तरी ती कोठारच होय.

तथापि हाताच्या ज्ञानाचा गौरव करताना त्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. नाही तर हा लेख केवळ गतकालाची आरती ठरेल. बैलगाडी ओढणे थांबविले की गाडी थांबते. पिढ्यान्‌पिढ्यांच्या या अनुभवावरून माणसाने एकच अनुमान काढले, की गती टिकण्यास सतत बल लागते. ॲरिस्टॉटलची समजूत हीच होती, आणि ती कित्येक शतके टिकली. सतराव्या शतकात गॅलिलिओने उतरणीवरून गोळे सोडून आणि घर्षण मनानेच वजा करून ही समजूत हलविली. १६८७ साली न्यूटनने गतीचा पहिला नियम ग्रंथात स्पष्ट मांडला. पण घर्षणावाचूनचे शेत कोणी नांगरले आहे? मोट, नांगर आणि पहार यांच्या शाळेत कितीही वर्षे घालविली, तरी हा पहिला नियम तेथे भेटत नाही. तो कल्पनेनेच गाठावा लागतो, आणि कल्पनेस आधार हवा असतो.

हा आधार संगणक देऊ शकेल, हे अमेरिकेत सीमूर पॅपर्ट यांनी ओळखले. बालपणी दंतचक्रांशी खेळताना आपणांस गणिताची गोडी लागली, असे त्यांनी १९८० सालच्या आपल्या ग्रंथाच्या आरंभी सांगितले आहे. किर्लोस्करवाडीच्या माणसास हे वेगळे पटवून देण्याची गरज नाही. पॅपर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ साली मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा रचली होती. तिच्यातील कासवास पुढे अँड्रिया डिसेसा यांनी न्यूटनचे नियम लावले. हे कासव ढकलले की घर्षणाशिवाय जातच राही. वर चाललेल्या कासवास उजवीकडे न्यावयाचे म्हणून मुले त्यास उजवीकडे धक्का देत, आणि ते तिरपे जाताना पाहून चकित होत. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातील मौज अशी, की पदार्थविज्ञान शिकलेली महाविद्यालयीन विद्यार्थिनीही प्रथम त्याच मार्गाने गेली. परीक्षा तिने दिली होती. परंतु मनातील बैलगाडी सुटली नव्हती.

२००८ साली स्वीडनमधील उमेओ विद्यापीठात एमिल अर्नरफेल्ट या विद्यार्थ्याने आपल्या पदव्युत्तर प्रबंधासाठी 'फन' नावाचे सॉफ्टवेअर तयार केले. त्यातूनच पुढे 'अल्गोडू' निघाले. ते आज संगणकासाठी विनामूल्य मिळते. वाळूच्या ढिगाशी खेळणाऱ्या मुलास जसे कोणी 'अमुकच कर' असे सांगत नाही, तसेच हे आहे. पडद्यावर वर्तुळ काढावे, की ते चेंडूप्रमाणे खाली पडते. दोन आकृत्यांस बिजागरी लावावी, दोरी बांधावी, स्प्रिंग जोडावी, चाकास मोटर बसवावी, पाणी ओतावे, प्रकाशाचा किरण सोडावा. आणि मुख्य म्हणजे गुरुत्वाकर्षण कमी करावे किंवा बंद करावे, हवेचा रोध काढून टाकावा, घर्षण शून्य करावे. गॅलिलिओस जे मनाने वजा करावे लागले, ते नऊ वर्षांचे मूल बोटाने वजा करते. २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात नोबेल पारितोषिक विजेते कार्ल वीमन यांनी सुरू केलेल्या 'फेट' या प्रकल्पाची साधनेही याच कुळातील असून त्यांतील कित्येक मराठीतही उपलब्ध आहेत. पडद्यावर धड्याची चित्रफीत दाखविणे आणि ही साधने, यांत मात्र गल्लत होऊ नये. चित्रफितीपुढे मूल प्रेक्षक असते; येथे ते कर्ते असते.

मग शंका कोठे आहे? शंका अशी, की पडद्यावरचे जग फार आज्ञाधारक आहे. तेथे लोखंड तडकत नाही, नाडा झिजत नाही, बैल अडून बसत नाही. किर्लोस्करांचा नांगर ज्या कठीण जमिनीने आणि कठीण समजुतींनी घडविला, त्या तेथे नाहीत. शिवाय ते जग निसर्ग नसून गणित आहे. संगणक काळाचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याअखेर वस्तू कोठे असेल हे मोजतो. त्यामुळे अशा साधनांत अतिवेगवान गोळी कधी पातळ भिंतीतून आरपार जाते, ताठ स्प्रिंग कधी कारणावाचून अधिकाधिक उसळू लागते. यास केवळ दोष मानण्याचे कारण नाही. ज्या मुलास हे खटकले आणि 'हे खरे नव्हे' असे ज्याने म्हटले, त्याला निसर्गाचा नियम आणि नियमाचा हिशेब या दोन वस्तू निराळ्या आहेत हे कळले. पण ते खटकण्यासाठी त्याने खरी भिंत आणि खरी स्प्रिंग हाताळलेली असली पाहिजे.

म्हणून आमचे म्हणणे असे, की या साधनांचा खरा उपयोग पडदा आणि वस्तू यांची तुलना करण्यात आहे. मोटा आता चालत नाहीत. परंतु जुन्या विहिरींच्या काठी धावेच्या खुणा काही ठिकाणी अद्याप दिसतात. मुलांनी टेपाने धाव मोजावी, उतार काढावा, आणि तीच मोट पडद्यावर रचावी. उतार वाढविला तर ओढ किती वाढते, आणि कोणत्या उतारानंतर परतीचा चढ बैलांस भारी होतो, हे आधी अंदाजाने वहीत लिहावे आणि मग करून पाहावे. त्यानंतर सायकलचे जुने चाक, दोरी आणि पाण्याची बादली घेऊन अंगणात तीच मांडणी करावी. दोन्हींचे आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत, याचा शोध हाच खरा धडा. चाकाच्या आसातील घर्षण, दोरीचा ताण, बादलीचे हेलकावे हे सारे त्या न जुळण्यातून वर येते. जुळता आकडा लिहिण्याची सवय लागलेल्या आमच्या विद्यार्थ्यांस न जुळणारा आकडा प्रामाणिकपणे लिहिण्याची सवय लागली, तर तेवढ्यानेच या साधनाचे मोल वसूल झाले असे आम्ही समजू.

यात धोका एकच आहे, आणि तो यंत्राचा नसून आमच्या वळणाचा आहे. आमची विद्यालये या खेळाचीही 'प्रयोग क्रमांक सात' म्हणून वहीत नोंद करावयास लावतील, कोणते बटन केव्हा दाबावे हे फळ्यावर लिहून देतील, आणि त्यावर दहा गुणांचा प्रश्न काढतील. मग लंबकाची जी गत झाली तीच अल्गोडूची होईल. भाऊरावांनी मुलाच्या हाती पहार दिली, ती धोंडा हलेपर्यंत परत मागितली नाही. शिक्षकांनी आणि पालकांनी मुलास पडद्यापुढे बसविताना तेवढाच धीर धरावा. त्याने रचलेला पूल दहादा कोसळला तरी उत्तर सांगू नये. तो कोठे मोडला, हे मात्र त्यास प्रत्येक वेळी विचारावे.