गड सोडून गेलेले आणि गावात राहिलेले

रायगड जिल्ह्यातल्या कर्नाळ्याच्या किल्ल्यावर एक मराठी आणि एक फारसी शिलालेख आहे. पोर्तुगीज शिलालेख तिथे नाही. तरीही सोळाव्या शतकाच्या मध्यावर काही काळ या गडावर पोर्तुगीज शिपाई पहारा देत होते. १५४० मध्ये अहमदनगरच्या निजामशाहाने कर्नाळा घेतला, तेव्हा आधी तो ज्यांच्या ताब्यात होता त्या गुजरातच्या सुलतानाच्या माणसांनी वसईचा कप्तान फ्रान्सिस्को द मेनेझिस याच्याकडे मदत मागितली. त्याने फौज पाठवून गड घेतला आणि आपली तुकडी तिथे बसवली. गडाचं मोल उघड होतं. बोर घाटातून पनवेल आणि नागोठण्याच्या बंदरांकडे उतरणारी वाट इथून नजरेच्या टप्प्यात राहते. पण गड सांभाळण्याचा खर्च परवडेना, म्हणून थोड्याच काळात दरसाल ५,००० सोन्याचे पार्दाव घेण्याच्या बोलीवर तो निजामशाहाला परत दिला गेला. शिपायांची नोकरी संपली, ते खाली उतरले, आणि त्यांच्या प्रार्थनाही त्यांच्याबरोबरच गेल्या. त्याच रायगड जिल्ह्यात, चौलच्या खाडीच्या तोंडावर, कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात मात्र उलट घडलं. १७४० मध्ये पोर्तुगीजांनी तो किल्ला मराठ्यांच्या हवाली केला आणि अधिकारी निघून गेले, पण शेतात आणि पाण्यात राबणारी माणसं तिथेच राहिली. त्यांचं माउंट कार्मेलचं देऊळ राहिलं, आणि पोर्तुगीजपासून घडलेली त्यांची घरातली बोलीही आजपर्यंत टिकली. भरगच्च कामाच्या आयुष्यात ख्रिस्ती भक्तीला जागा कशी करायची, हा प्रश्न पनवेल परिसरातल्या नोकरदार ख्रिस्ती घरांत आज विचारला जातो. त्याचं उत्तर शोधायला गडापेक्षा या गावाचा इतिहास जास्त उपयोगी आहे, असं मला वाटतं.

माझा मुद्दा असा, की उत्तर कोकणात जी भक्ती टिकली ती कामातून उरलेल्या वेळावर जगली नाही. ती कामाच्याच दिवसात आणि हंगामात ओवलेली होती, आणि ती पाळायला पाद्री, पुस्तक किंवा सुट्टी यांतलं काहीच रोज लागत नव्हतं. याचा सर्वांत भक्कम पुरावा १७३९ नंतरचा आहे. त्या वर्षी मे महिन्यात मराठा सेनापती चिमाजीअप्पांनी वसई घेतली. १५३४ च्या तहापासून दोन शतकं ज्या पोर्तुगीज सत्तेच्या आधाराने मठ, शाळा आणि चर्च उभे होते ती सत्ता गेली. युरोपी पाद्री बहुतेक निघून गेले, मठ ओस पडले, आणि वसईच्या कोटात आजही दिसतात तशी त्या वास्तूंची नुसती छपराविना उभी राहिलेली भिंताडं उरली. मागे राहिले ते मुख्यतः इथल्याच रक्ताचे आणि गोव्याकडून येणारे पाद्री. त्यांची संख्या अपुरी होती आणि एकेकाच्या वाट्याला कित्येक गावं येत. अशा वेळी रविवारची मिस्सा दर आठवड्याला मिळेलच याची खात्री नव्हती. जे रोज मिळत होतं ते घरात होतं.

घरातली ही व्यवस्था जवळून पाहण्यासारखी आहे. संध्याकाळी दिवा लागल्यावर घरातलं वडीलधारं माणूस रोझरी सुरू करी आणि बाकीचे उत्तर देत. पाच दशकं, प्रत्येक दशकात दहा वेळा नमो मारिया आणि मध्ये आमच्या बापा. माळ हाताशी नसली तर बोटांवर मोजता येतं. अक्षरओळख लागत नाही, मूल मांडीवर असताना म्हणता येते, आणि वीसेक मिनिटांत संपते. दिवसभरासाठी तीन घंटा असत, पहाटेची, दुपारची आणि तिन्हीसांजेची. त्या वेळची प्रार्थना इतकी छोटी, की माणूस हातातली कुदळ बाजूला ठेवून, डोक्याचं फडकं काढून, आहे तिथेच उभा राहून ती म्हणे आणि पुन्हा कामाला लागे. वर्षाच्या पातळीवर आगेरा होता. भाताची पहिली कणसं कापून ती चर्चमध्ये आणायची, आशीर्वाद घ्यायचा, आणि मग कापणीला लागायचं. शेतकऱ्याला सर्वांत जास्त घाईच्या दिवसांतच हा सण येतो, आणि त्या कामाची सुरुवातच तो करून देतो. पुढे १८८३ मध्ये पोप तेरावे लिओ यांनी ऑक्टोबर हा रोझरीचा महिना ठरवला, तेव्हा कोकणातल्या भातकापणीच्या महिन्यालाच तो मान मिळाला. रोममध्ये कोकणाचा विचार कुणी केला नसेल, पण ज्यांचं अंग दिवसभर वाकलेलं असे त्यांच्यासाठी वीस मिनिटं टेकून बसण्याची ही सोय झाली.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. हे सगळं सत्तेच्या दडपणाखाली रुजलं, मग त्याचं कौतुक कशाला? पोर्तुगीज राजवटीत धर्मांतरामागे सक्ती आणि आमिष दोन्ही होती, हे नाकारता येत नाही, नाकारूही नये. पण सक्तीने रुजलेली गोष्ट सक्ती गेल्यावर सुटायला हवी होती. काहींच्या बाबतीत ती सुटलीही. १८२० च्या सुमारास पटकीच्या साथीत ठाण्याकडची अनेक कोळी आणि आगरी कुटुंबं ख्रिस्ती धर्म सोडून परत गेली, अशी नोंद जुन्या ठाणे गॅझेटियरमध्ये आहे. संकटात प्रार्थना उपयोगी पडत नाही असं वाटलं, की रोजची सवयही पुरत नाही, ही माझ्या मुद्द्याची मर्यादा मी मान्य करतो. तरी त्यानंतर सत्तर-पंचाहत्तर वर्षांनी, १८९६ च्या प्लेगमध्ये, मुंबईच्या ख्रिस्ती गावठाणांत वेगळं दृश्य दिसतं. खोताची वाडी, वांद्रे अशा वस्त्यांच्या कोपऱ्यांवर त्या काळात क्रूस उभे राहिले, आणि शेजारपाजारचे लोक संध्याकाळी तिथे जमून लदीन ही सामूहिक प्रार्थना म्हणू लागले. हे क्रूस लोकांनी आपल्या दारापुढे उभे केले होते, आणि कामावरून परतणाऱ्याच्या वाटेवरच ते येत.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. शेतकऱ्याचा दिवस त्याच्या हातात असतो, पगारी माणसाचा नसतो. भाताला साहेब नसतो. हे खरं आहे, पण पगारी माणूस या समाजात काल आलेला नाही. साष्टी इंग्रजांकडे गेली १७७४ मध्ये, ठाण्यापर्यंत आगगाडी धावली १८५३ मध्ये, आणि तेव्हापासून या गावांतली माणसं कचेऱ्यांत, गोद्यांत, रेल्वेत जाऊ लागली. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात या स्थानिक ख्रिस्ती समाजाची बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली, ती याच नोकरदार पिढीच्या हातून. गोवा आणि मंगळूरकडून येणाऱ्यांशी नोकऱ्यांची स्पर्धा होती आणि आपण इथलेच, हे सरकारला सांगायचं होतं. म्हणजे नोकरीची ओढाताण तेव्हाही होती. त्या पिढीने सणाला कामाच्या आठवड्यात बसवलं. आज आगेरा ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी होतो, कारण रविवारीच सगळे घरी असतात. चर्चनेही हा बदल पुढे नेला. १९८३ च्या धर्मसंहितेने शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारच्या मिस्सेइतकीच ग्राह्य मानली, आणि रविवारी पाळीवर जाणाऱ्या परिचारिकेची, मोटरमनची अडचण बरीच हलकी झाली.

या सगळ्याची किंमत मात्र कुणी मोजली, हेही बोललं पाहिजे. वसईच्या बायका भाजीच्या, फुलांच्या पाट्या घेऊन पहाटेच्या गाडीने मुंबईला जात, विकून परत येत, चूल पेटवत आणि मग त्याच रोझरी सुरू करत. घरातल्या भक्तीचं वेळापत्रक त्यांच्या जागरणावर चालत होतं. ही व्यवस्था आज जशीच्या तशी उचलायची असेल, तर तो भार पुरुषांनी वाटून घेतल्याशिवाय ती न्यायाची होणार नाही.

तिसरा आक्षेप श्रद्धेच्या आतून येतो. ख्रिस्ती परंपरा ज्यांना संत म्हणते त्यांनी तर धंदा सोडला. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानमध्ये व्यापार करून चांगला स्थिरावला होता. ते सगळं सोडून तो मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन बंधू झाला, ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर गेला आणि १८६२ मध्ये संत ठरला. प्रोटेस्टंट बाजूला रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची पगारी चाकरी सोडून ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. दोघांपुढेही मी मान झुकवतो. पण टिळकांच्या दरबाराला ज्यांना बोलवायचं होतं ते लोक शेती, शाळा आणि कचेरी सोडून येणार नव्हते. गार्सियाचं नावही वसईत घरोघर पोचलं ते ज्यांनी काहीच सोडलं नाही अशा माणसांच्या प्रार्थनांतून. सोडणाऱ्याचा मार्ग थोड्यांचा असतो. उरलेल्यांना कमी दर्जाचे भक्त मानलं, तर १७३९ नंतरचा उत्तर कोकणचा सगळा इतिहासच कमी दर्जाचा ठरेल, आणि तसं मानायला मी तयार नाही.

पनवेलचा आजचा ख्रिस्ती माणूस बहुधा केरळातून, गोव्यातून किंवा वसईकडून आलेला आहे. न्हावा-शेवाचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं, तळोज्याचे कारखाने आधीपासून आहेत, आणि आता विमानतळही आला. या सगळ्या ठिकाणी काम चोवीस तास चालतं. त्याला गावठाणाचा कोपऱ्यावरचा क्रूस वारशात मिळालेला नाही आणि शेजारी लदीन म्हणणारं कुणी नाही. तरी मुंबईची कित्येक गावठाणं शेतं गेल्यावरही आगेरा करतात, भात बाहेरून आणतात आणि चर्चच्या दारात त्याची मिरवणूक काढतात. पनवेलमध्ये त्याहून एक पाऊल पुढे टाकायला हरकत नाही. क्रेन चालवणाऱ्याने, हिशेब लिहिणाऱ्याने, रात्रपाळीच्या परिचारिकेने आपापल्या कामाचं काहीतरी त्या दिवशी वेदीपुढे आणावं. कणसं आणणाऱ्यांनी मुळात हेच केलं होतं, कारण त्यांच्यापाशी आणायला दुसरं काही नव्हतं.