गॅस गिझरची सुरक्षा मानके

गॅस गिझर हे द्रवरूप पेट्रोलियम वायू (एलपीजी) किंवा नळाने येणारा नैसर्गिक वायू जाळून वाहते पाणी तत्काळ तापवणारे घरगुती उपकरण आहे. बेंजामिन वॉडी मॉन यांनी १८६८ साली लंडनमध्ये तयार केलेल्या आद्य गिझरला धुराडे नव्हते. आज भारतीय घरांत आढळणाऱ्या अनेक लहान गिझरांनाही ते नसते.

मानके व सुरक्षा साधने

एलपीजीवर चालणाऱ्या लघु घरगुती जलतापकांसाठी भारतीय मानक ब्यूरोचे 'आयएस १५५५८' हे मानक आहे. पाण्याचा प्रवाह थांबताच वायू बंद करणारी झडप, ज्योत विझल्यास पुरवठा तोडणारी यंत्रणा आणि बहुधा २० मिनिटांनी गिझर बंद करणारा कालमापक ही या उपकरणांतील प्रमुख सुरक्षा साधने होत. घरगुती एलपीजीचा दाब सुमारे ३० मिलिबार, तर नळाच्या वायूचा सुमारे २१ मिलिबार असतो. त्यामुळे एका वायूसाठी बनवलेला गिझर योग्य बदल केल्याशिवाय दुसऱ्या वायूवर वापरता येत नाही.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

वरील साधने मुख्यतः वायूगळती व अतितापन रोखतात. खोलीतील हवा दूषित झाल्याचे ती ओळखत नाहीत. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंश सेल्सिअसने तापवण्यास सुमारे १०.५ किलोवॅट उष्णता लागते. या गतीने २० मिनिटांत सुमारे ३०० ग्रॅम एलपीजी जळतो व त्यासाठी सुमारे ४ घनमीटर हवा खर्च होते. दीड मीटर लांब-रुंद व अडीच मीटर उंच न्हाणीघरात एकूण हवाच ५.६ घनमीटर असते. प्राणवायू कमी पडला की ज्वलन अपुरे होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. एलपीजीला गळती कळावी म्हणून मुद्दाम वास दिलेला असतो; कार्बन मोनॉक्साइडला मात्र रंग वा गंध नसतो. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट बांधला जातो. डोकेदुखी, मळमळ व चक्कर ही प्रारंभीची लक्षणे असून पुढे शुद्ध हरपते.

बसवणूक

युरोपीय वर्गीकरणात गिझरचे तीन प्रकार मानतात: धुराडे नसलेला, खोलीतील हवा घेऊन धूर बाहेर सोडणारा आणि हवा व धूर दोन्हींसाठी बाहेरशी जोडलेला. बंद न्हाणीघराच्या दृष्टीने तिसरा सर्वांत सुरक्षित होय.

३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झालेल्या वाघोलीसारख्या उपनगरांतील बहुमजली इमारतींत न्हाणीघराचा झरोका अनेकदा अरुंद डक्टमध्ये उघडतो; थंडीत तोही बंद ठेवला जातो. अशा ठिकाणी गिझर न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत बसवून केवळ गरम पाण्याची नळी आत आणणे इष्ट असते. झरोका कधीही बुजवू नये. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसल्यास गिझर बंद करून तपासून घ्यावा. कोणी बेशुद्ध आढळल्यास दारे-खिडक्या उघडून, वायू बंद करून व्यक्तीस मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.