मानसिक आरोग्य (नवी मुंबई परिसर)

सिडकोने 1970 पासून वसवलेल्या नवी मुंबईत आगरी-कोळी गावठाणांशेजारी राज्यभरातून आलेली कुटुंबे राहतात. पनवेलहून सीएसएमटीपर्यंत लोकलला सव्वा तासाहून जास्त वेळ लागतो. झोप अपुरी, गावची माणसे लांब. मन मोकळे करायला हक्काचे कोणी नसते.

उदासी, झोपेच्या तक्रारी, नेहमीच्या गोष्टींतून उडालेला रस हे सारे दोन आठवड्यांहून अधिक काळ टिकले, तर तज्ज्ञांना भेटावे. त्यांनी दिलेल्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. ती मध्येच बंद करणे घातक ठरू शकते.

शेजारच्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 मध्ये ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था सुरू केली. समुपदेशनाला स्वमदत गटांची जोड देणारे तिचे काम मोलाचे आहे. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके आणि नाडकर्णी यांनी मराठीत रुजवली. ‘मला नव्वद टक्के मिळालेच पाहिजेत’ या हट्टाऐवजी ‘मिळावेत अशी माझी इच्छा आहे’ असे म्हणायला ती शिकवते. अपयशाचे दुःख उरते, पण माणूस खचत नाही.

कर्जतच्या ‘श्रद्धा’ केंद्रात रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांवर उपचार करून त्यांना घरी पोहोचवतात. त्यासाठी केंद्राचे संस्थापक डॉ. भरत वाटवानी यांना 2018 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

तातडीच्या मदतीसाठी 10 ऑक्टोबर 2022 पासून ‘टेली-मानस’ ही मोफत सरकारी सेवा आहे. 14416 या क्रमांकावर चोवीस तास मराठीतही बोलता येते. आधी समुपदेशक ऐकून घेतात, गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञाशी जोडून देतात.