एकशे पाचवा अंक

१९५९ सालच्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये 'द फ्लॅश' नावाच्या चित्रकथांच्या नियतकालिकाचा पहिला अंक बाजारात आला. अंक पहिला, पण मुखपृष्ठावरचा क्रमांक होता १०५. ही छपाईतील चूक नव्हती. 'फ्लॅश कॉमिक्स' नावाचे जुने मासिक १०४ अंक काढून १९४९ च्या फेब्रुवारीत बंद पडले होते. मध्ये बरोबर दहा वर्षे गेली. नायक बदलला, त्याचे नाव, गाव, पोशाख, व्यवसाय सारे बदलले. क्रमांक मात्र जिथे थांबला होता तिथूनच पुढे चालू झाला.

आमची उभी हयात सरकारी नस्त्यांच्या सहवासात गेली. त्यामुळे असेल कदाचित, पण हा क्रमांक वाचनात आला तेव्हा आम्ही तिथेच थबकलो.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आमच्या पिढीला 'फ्लॅश' म्हटले की फ्लॅश गॉर्डन आठवेल. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनाने १९६४ च्या मार्चमध्ये सुरू केलेल्या आणि १९९० मध्ये बंद केलेल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून तो आपल्या घरी येत असे. आम्ही सांगतो आहोत तो फ्लॅश निराळा. हा विजेच्या वेगाने धावणारा. पहिला फ्लॅश जे गॅरिक, याला १९४० मध्ये गार्डनर फॉक्स या लेखकाने आणि हॅरी लॅम्पर्ट या चित्रकाराने जन्म दिला. डोक्यावर पंख लावलेले शिरस्त्राण घालून तो दुष्टांचे पारिपत्य करी. महायुद्ध संपल्यावर असल्या महानायकांचा बाजार उतरला. सुपरमॅन, बॅटमॅन आणि वंडर वुमन अशी मोजकी नावे तेवढी तग धरून राहिली. १९५४ मध्ये फ्रेडरिक वर्दम या मानसोपचारतज्ज्ञाने चित्रकथांमुळे मुले बिघडतात असा ग्रंथ लिहिला आणि प्रकाशकांनी घाबरून आपल्यावर स्वतःच आचारसंहिता लादून घेतली. अशा पडत्या काळात ज्यूलियस श्वार्ट्झ या संपादकाकडे फ्लॅशला पुन्हा उभे करण्याचे काम आले.

श्वार्ट्झ हा स्वतः मुळात एक भक्त-वाचक. १९३२ मध्ये, ऐन किशोरवयात, त्याने मित्रांबरोबर विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी हौशी पत्रिका काढली होती. जुन्या वाचकाचे मन कशाने दुखावते हे त्याला कोणी शिकवावे लागले नाही. १९५६ च्या 'शोकेस' या नियतकालिकाच्या चौथ्या अंकात नवा फ्लॅश अवतरला. बॅरी ॲलन हा पोलीस खात्यातील प्रयोगशाळेत काम करणारा शास्त्रज्ञ. लेखन रॉबर्ट कॅनिघरचे, रेखाटन कार्माइन इन्फन्टिनोचे. प्रयोगशाळेवर वीज कोसळते, रसायने अंगावर उडतात आणि बॅरीला वेग लाभतो. पण त्याआधीच्याच एका चित्रात हा बॅरी हातात जुने 'फ्लॅश कॉमिक्स' धरून वाचत बसलेला दाखवला आहे. नवा नायक हा जुन्या नायकाचा वाचक! नाव घेतले ते असे उघडपणे आणि कृतज्ञतेने घेतले.

पुढे १९६१ मध्ये १२३ व्या अंकात फॉक्सनेच दोन्ही फ्लॅशची गाठ घालून दिली. जे गॅरिक नाहीसा झाला नव्हता. तो दुसऱ्या एका पृथ्वीवर, संसारात रमलेला, केस पांढरे होत आलेला असा नांदत होता. जुन्या वाचकांना काय वाटले असेल याची कल्पना करता येते. त्यातील काहींनी नुसते वाटून घेतले नाही. डेट्रॉईटचे प्राध्यापक जेरी बेल्स आणि मिसुरीतील तरुण शिक्षक रॉय थॉमस हे जुने नायक परत आणा म्हणून पत्रे लिहीत होते. श्वार्ट्झ वाचकांची पत्रे त्यांच्या संपूर्ण पत्त्यांसह छापू लागला. चांगल्या पत्राला मूळ चित्राचे पान बक्षीस देई. पत्ते मिळाल्याने वाचक एकमेकांना लिहू लागले. १९६१ मध्ये बेल्सने 'आल्टर-इगो' ही चाहत्यांची पत्रिका काढली. थॉमस तर १९६५ मध्ये या व्यवसायातच शिरला आणि १९७२ मध्ये मार्व्हल या प्रतिस्पर्धी संस्थेचा मुख्य संपादक झाला. वाचकाने उंबरठा ओलांडून माजघरात यावे तसे हे घडले.

येथे थोडे विषयांतर करतो. आमच्या नोकरीच्या काळात एकदा खात्याची पुनर्रचना झाली. वरून आदेश आला की सर्व नस्त्यांना नव्याने क्रमांक द्यावेत, एकपासून. कपाटे सुरेख दिसू लागली. पुढे एका दिवंगत शिपायाची विधवा कुटुंबनिवृत्तिवेतनासाठी आली. तिच्या हातातल्या कागदावर जुना क्रमांक, आणि जुन्या क्रमांकावरून नव्याकडे नेणारी नोंदवही कोणी केलीच नव्हती. त्या बाईंना जवळजवळ तीन वर्षे हेलपाटे घालावे लागले. नव्या क्रमांकाबद्दल आमची तक्रार कधीच नव्हती. मागील संदर्भ तुटला होता, एवढेच.

फ्लॅशचा संदर्भही पुढे तुटला, पण लगेच नव्हे. १९८५ मध्ये डीसीने बारा भागांची एक महाकथा रचून आपल्या अनेक पृथ्व्यांची मिळून एक पृथ्वी केली. नव्या वाचकाचा गोंधळ होतो, हे कारण. त्या कथेत बॅरी ॲलन सृष्टी वाचवताना मरण पावला. त्याचे नियतकालिक ३५० व्या अंकावर थांबले. १९८७ मध्ये नवे निघाले, या वेळी क्रमांक एक. फ्लॅश झाला तो वॉली वेस्ट, म्हणजे बॅरीच्या पत्नीचा भाचा, जो मुलगा असताना त्याच्याबरोबर धावत असे. जुने वाचक कुरकुरले, पण वारसा रीतसर होता. वेताळाच्या गोष्टी वाचलेल्यांना हे समजावून सांगायला नको: मुखवटा तोच, आतला माणूस बापाच्या जागी आलेला. आणि होळकर-शिंद्यांच्या राज्यात ज्यांची घराणी वाढली त्यांना दत्तक घेऊन चालवलेल्या गादीचे नवल ते काय! वॉली वीस वर्षांहून अधिक काळ ती गादी चालवत राहिला. १९८७ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा तोवर तिशीत गेला. त्याच्या लेखी फ्लॅश म्हणजे वॉलीच.

मग २००९ मध्ये जेफ जॉन्स या लेखकाने बॅरीला सन्मानाने परत आणले. जुन्या वाचकांच्या एका पिढीला तिचे बालपण परत मिळाले, पण ते दुसऱ्या पिढीच्या खिशातून काढून दिलेले होते. 'जुना वाचक' हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. एकाच दुकानात तीन पिढ्यांचे जुने वाचक उभे असतात आणि तिघांचा 'खरा' नायक वेगळा असतो. चाहत्यांच्या हट्टाची ही बाजू आम्हांला लपवायची नाही.

खरा घाव बसला तो २०११ मध्ये. त्या सप्टेंबरात डीसीने आपली सगळी पत्रे नव्याने मांडली. बावन्न नियतकालिके, सर्वांचा क्रमांक एक. १९३८ पासून चालत आलेले, ९०४ अंकांपर्यंत पोहोचलेले 'ॲक्शन कॉमिक्स'ही त्यातून सुटले नाही. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचा १९९६ मधील विवाह झालाच नव्हता असे ठरले. वॉली वेस्ट तर नाहीसाच झाला. तो मेला असता तर वाचकांनी सुतक पाळले असते. इथे तो कधी जन्मालाच आला नव्हता. व्यापाराच्या दृष्टीने पहिले महिने उत्तम गेले, हे मान्य केले पाहिजे. क्रमांक एक दिसला की संग्राहक अंक उचलतो. १९५९ मध्ये मात्र मोठा क्रमांक हीच विश्वासाची खूण मानली जात होती. हौस ओसरल्यावर मात्र जुने वाचक विचारतच राहिले: वॉली कुठे आहे? २०१४ मध्ये त्याच नावाचा एक नवा मुलगा आणला गेला. मुलगा चांगला होता, पण प्रश्नाचे ते उत्तर नव्हते.

उत्तर आले २५ मे २०१६ रोजी, 'डीसी युनिव्हर्स रीबर्थ' या ऐंशी पानी अंकात. लेखक पुन्हा जॉन्सच. वॉली काळाच्या पलीकडे अडकला आहे. कोणीतरी आपल्याला ओळखावे म्हणून तो एकेकाच्या दारी जातो. पत्नी लिंडाच्या डोळ्यांत ओळख दिसत नाही. विरून जाण्याआधी निरोप घ्यावा म्हणून तो शेवटी बॅरीसमोर उभा राहतो, आणि बॅरीला एकदम त्याचे नाव आठवते. तो त्याला हात धरून ओढून घेतो. आम्ही हा अंक पन्नाशी उलटल्यावर वाचला. नातलगांत कोणी पाहू नये म्हणून चष्मा पुसण्याचे निमित्त करावे लागले, हे कबूल करतो. नव्या मुलालाही बाहेर काढले नाही, हे आम्हांला विशेष वाटले. एकाच नावाचे दोघे चुलतभाऊ ठरले, आणि महाराष्ट्रीय घरांत आजोबांचे नाव दोन नातवांना असते तसे नांदू लागले.

त्याच वर्षी 'ॲक्शन कॉमिक्स' ९५७ या क्रमांकाने पुन्हा सुरू झाले आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये त्याचा हजारावा अंक निघाला. 'द फ्लॅश'ची बेरीज २०२० मध्ये झाली. ८८ व्या अंकानंतर थेट ७५० वा अंक आला, १९४० पासूनचे सारे जमेस धरून. २०२१ पासून मुख्य फ्लॅश पुन्हा वॉली झाला. २०२३ मध्ये ८०० वा अंक निघाला आणि त्याच वर्षी पुढच्या अंकावर छापले गेले: क्रमांक एक. आत धावत होता तो वॉलीच.