डेटा सफिशियन्सी म्हणजे काय? गणित पूर्ण न सोडवता उत्तर कसं शोधायचं?

भोसरी किंवा चाकणच्या कारखान्यात शिफ्ट संपवून एमबीए-सीईटीची तयारी करणाऱ्या इंजिनिअरला गणित येतंच. तरीही 'डेटा सफिशियन्सी'चा प्रश्न आला की गाडी अडते. कारण हा प्रश्न उत्तर मागतच नाही. उत्तर काढायला दिलेली माहिती पुरेशी आहे का, एवढंच विचारतो.

प्रश्नाखाली दोन विधानं असतात. फक्त पहिलं पुरेसं आहे, फक्त दुसरं, दोन्ही एकत्र लागतात, दोघांपैकी कुठलंही एक चालतं, की दोन्ही मिळूनही भागत नाही? यातून निवडायचं.

एक उदाहरण घेऊ. कँटीनमध्ये चहा 12 रुपयांना आणि वडापाव 20 रुपयांना आहे. काही मित्रांनी फक्त हेच दोन पदार्थ घेतले. वडापाव किती घेतले?

विधान 1: बिल 76 रुपये झालं.
विधान 2: चहा आणि वडापाव मिळून 5 नग होते.

दोन गोष्टी माहीत नाहीत, म्हणजे दोन समीकरणं हवीत, असं शाळेत शिकवलेलं असतं. म्हणून हात सरळ 'दोन्ही एकत्र'कडे जातो. इथेच मार्क जातो! अर्धा वडापाव कुणी विकत नाही. पूर्ण नगांत 76 रुपये एकाच प्रकारे होतात: 3 चहा, 2 वडापाव. त्यामुळे फक्त विधान 1 पुरेसं आहे. दुसऱ्या विधानातून एकच उत्तर निघत नाही.

पण बिल 124 रुपये असतं तर? 7 चहा आणि 2 वडापाव, किंवा 2 चहा आणि 5 वडापाव. दोन उत्तरं निघतात, म्हणजे आता विधान 1 अपुरं.

त्यामुळे पहिलं विधान तपासताना दुसरं हाताने झाका आणि दुसरं तपासताना पहिलं विसरा. हे ऐकायला बाळबोध वाटतं, पण बहुतेक चुका पहिल्या विधानातली माहिती नकळत दुसऱ्यात ओढल्याने होतात. दोन्ही एकेकटी अपुरी ठरली, तरच एकत्र करा.

'हो की नाही' प्रकारात वेगळा सापळा असतो. ट्रक 2 तासांत 100 किलोमीटर जाईल का? विधान सांगतं, सरासरी वेग ताशी 40 किलोमीटर. उत्तर ठाम 'नाही' आहे, म्हणजे माहिती पुरेशी आहे. अपुरी म्हणजे 'कदाचित'.

राज्याच्या एमबीए-सीईटीत 150 मिनिटांत 200 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 45 सेकंद. एकदा पुरेसं आहे हे कळलं की आकडेमोड तिथेच थांबवा. परदेशातल्या बी-स्कूलसाठी जीमॅट देत असाल, तर 2023 च्या नव्या स्वरूपापासून हे प्रश्न गणिताच्या नव्हे, 'डेटा इनसाइट्स' विभागात येतात. तिथे 45 मिनिटांत 20 प्रश्न असतात. जीमॅटमध्ये पाच पर्यायांचा क्रम ठरलेला असतो, तो पाठच करून टाका. इतर परीक्षांमध्ये क्रम बदलू शकतो, तिथे पर्याय वाचूनच टिक करा.