कलमबाग, पिढीजात (कोकण)

एकाच घराण्याच्या वहिवाटीत तीन-चार पिढ्या चालत आलेली, मुख्यतः हापूस आंब्याची बाग. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत, विशेषतः पावस आणि देवगड परिसरात, अशा बागा दाट आहेत.

कोकणाला आंबा जुनाच. पण तो रायवळ, म्हणजे कोयीतून उगवलेला आणि झाडागणिक निराळा. पोर्तुगीज अमलात गोव्यात कलमे बांधण्याची रीत रुजली व किनाऱ्याने उत्तरेकडे आली. रायवळ रोप जातिवंत झाडाच्या फांदीशी बांधून केलेल्या भेटकलमामुळे फळाचा गुण जसाच्या तसा पुढच्या झाडात उतरू लागला. पुढे कोयकलमाने रोपे स्वस्त आणि मुबलक झाली.

बागा अनेकदा कातळावर उभ्या राहिल्या. सुरुंगाने खड्डे फोडायचे, दुसरीकडून माती आणून ते भरायचे, पहिली काही वर्षे डोक्यावरून पाणी घालायचे. घराण्याच्या आठवणीत बाग लावणाऱ्या पूर्वजाचे नाव राहते. माती वाहणाऱ्या गडीमाणसांचे आणि कुळांचे क्वचितच राहते, आणि या इतिहासातली ही मोठीच उणीव आहे. 1949 चा खोती निर्मूलन कायदा आणि 1948 चा कूळकायदा यांनी मालकी हलली. काही बागा खोतांकडून कुळांकडे गेल्या, काहींवर दावे झाले.

पिढीजात बागेचा खरा प्रश्न वाटणीचा. भाताचे खाचर बांध घालून वाटता येते, कलम वाटता येत नाही. म्हणून कोठे झाडे मोजून वाटली गेली आणि जमीन एकाची, झाड दुसऱ्याचे अशी स्थिती आली. कोठे हंगाम पाळीने घ्यायचे ठरले. हापूस बहुधा एक वर्षाआड भरघोस धरतो. पाळीकरी दोनच असले, तर भरघोस हंगाम एकाच्याच वाट्याला वारंवार येण्याचा धोका असे. त्यातच तरुण माणसे मुंबईला गेली, सातबाऱ्यावर नावे वाढत गेली आणि झाडांकडे पाहणारा एखादाच भाऊ गावी उरला. कित्येक बागा मग ठरावीक वर्षांच्या कराराने व्यापाऱ्यांकडे गेल्या. मोहोर हमखास यावा म्हणून वापरले जाणारे कलटार (पॅक्लोब्युट्राझोल) मात्रेबाहेर गेले, तर झाड थकते. करार संपल्यावर ते थकलेले झाड मालकाकडे परत येते. राखणीला आता नेपाळी कुटुंबे बागेतच राहतात.

माल पूर्वी गलबतांतून आणि आगबोटींतून मुंबईला जाई. आता ट्रकने वाशीच्या बाजारात जातो. 1990 पासून रोजगार हमीशी जोडलेल्या फळबाग योजनेने पडीक डोंगरउतारांवर नव्या बागा आल्या, आणि बागायतदारी जुन्या जमीनदार घराण्यांपुरती राहिली नाही. 2018 मध्ये कोकणातील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले.

जुनी कलमे उंच वाढून एकमेकांत शिरतात. फवारणी नीट पोचत नाही, फळ उतरवणे जोखमीचे होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने अशा झाडांच्या पुनरुज्जीवनासाठी भारी छाटणीची शिफारस केली आहे. छाटणीनंतर दोन-तीन वर्षांचे उत्पन्न बुडते. एकट्या मालकाला हा निर्णय घेता येतो. सामाईक बागेत त्यासाठी सर्व हिस्सेदारांची संमती लागते, आणि पुष्कळ ठिकाणी काम तेथेच अडून आहे.